देव दिसतो कुणासारखा

मिरजेला गाडी बदलावी लागते. पुण्याहून आलेला रुंद रूळ इथे संपतो आणि पुढे मीटर गेज. डबा अरुंद, वेग बेताचा. बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी, दावणगेरे करत रात्र सरते आणि सकाळी तुम्ही उतरता तेव्हा साल असतं १९८१, महिना एप्रिल. खिशातल्या नोटा त्या काळात चालतील एवढी काळजी मी घेतलेली आहे. अट एकच: बघायचं, ऐकायचं, पण तोंड उघडायचं नाही.

शहराचं नाव अजून बंगलोर. एचएएल, बीईएल, एचएमटी, आयटीआय या सरकारी कारखान्यांतला ७७ दिवसांचा संप गेल्याच महिन्यात मिटलाय, त्यामुळे चहाच्या टपरीवर बोलणं पगाराचं आणि कापलेल्या दिवसांचं. इन्फोसिस जन्मायची आहे. जुलैत जन्मेल, तीही पुण्यात. दुसरा विषय मीनाक्षीपुरमचा. तामिळनाडूतल्या या खेड्यात फेब्रुवारीत शेकडो दलितांनी एकाच दिवशी इस्लाम स्वीकारला. कुणी म्हणतं आखातातला पैसा, कुणी म्हणतं परकीय कट. त्या लोकांना गावात चपला घालून फिरता येत होतं का, हा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडलेला दिसत नाही.

ऑटोवाल्याला मिलर्स रोड सांगा, पण थोडी वाकडी वाट करून शिवाजीनगरवरून घ्यायला लावा. नाव ऐकून मराठी कान टवकारतील, पण थांबायचं आहे ते सेंट मेरीज बॅसिलिकासमोर. आत जाऊन मारियेची मूर्ती बघा. ती साडी नेसलेली आहे, आणि तिच्यापुढे उभ्या असलेल्या बायकांत ख्रिस्ती किती आणि हिंदू किती हे तुम्हाला सांगता येणार नाही. म्हणजे देवाघरच्या माणसांनी इथल्यासारखं दिसावं, ही मागणी या शहराने केव्हाच मान्य केली आहे. आज तुम्ही जे ऐकायला आला आहात ती मागणी याच्या पुढची आहे. इथल्यासारखं म्हणजे इथल्या नेमक्या कुणासारखं?

मिलर्स रोडवरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० साली अनेक प्रॉटेस्टंट मिशनांनी मिळून काढलं. पाळक व्हायला निघालेली मुलं देशभरातून इथे येतात, ग्रीक आणि हिब्रू शिकतात, जर्मन पंडितांची जाडजूड पुस्तकं वाचतात. कॉलेजातल्या केरी सोसायटीत आज भाषण आहे. वक्ते इथलेच एक प्राध्यापक, रेव्हरंड अरविंद निर्मल. वय पंचेचाळिशीच्या आसपास, महाराष्ट्रातले, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे दीक्षित पाळक, आणि जन्माने दलित.

भाषणाला वेळ आहे. तेवढ्यात मागे एक फेरी मारून येऊ.

पहिला मुक्काम लांबचा. बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याचा पहिला अध्याय. बहुतेक अभ्यासक त्याची रचना इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासची मानतात, म्हणजे यहुदी लोकांना बाबिलोनमध्ये बंदी करून नेलं होतं तेव्हाची. तुम्ही त्या हरलेल्या लोकांत उभे आहात. भोवताली जे साम्राज्य आहे तिथे देवाचं रूप राजात उतरतं, ही साधी राजकीय समजूत आहे. इजिप्तचा फारोही स्वतःला देवाची जिवंत प्रतिमा म्हणवून घेई. राजा देवासारखा आणि बाकीचे राजासाठी. अशा ठिकाणी, गुलामीत असलेल्या एका लहानशा टोळीने लिहून ठेवलं की देवाने माणसाला, म्हणजे कोणत्याही माणसाला, नराला आणि नारीला, आपल्या प्रतिरूपात घडवलं. या वाक्यातला बंडखोरपणा आता आपल्याला ऐकू येत नाही, कारण दोन हजार वर्षं ते चांगल्या कपड्यातल्या माणसांनी रविवारी वाचून दाखवलं.

दुसरा मुक्काम घराजवळचा. पुणे, १८४७. स्कॉटिश मिशनच्या शाळेतून नुकताच बाहेर पडलेला विशीतला एक माळ्याचा मुलगा इंग्रजी पुस्तक वाचतोय. जोतीराव गोविंदराव फुले. पुस्तक टॉमस पेनचं, 'राइट्स ऑफ मॅन'. पहिला भाग १७९१चा. पेन म्हणजे चर्चचा हाडवैरी. तरीही माणसांच्या समतेचा पुरावा द्यायची वेळ येते तेव्हा तो मोझेसच्या पुस्तकातलं तेच वाक्य काढतो, आणि वकिलासारखा मुद्दा मांडतो की इथे स्त्री-पुरुष एवढाच भेद सांगितलाय, दुसरा कुठलाही भेद सुचवलेलासुद्धा नाही. जोतीरावांच्या खांद्यावरून तुम्हाला पान दिसतं. कोणत्या ओळीवर त्यांचं बोट थबकलं हे इतिहासात नोंदलेलं नाही. पुढच्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापल्या गेलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात सगळ्या स्त्री-पुरुषांना एकाच निर्मिकाने सारख्या हक्कांनी निर्माण केलं, हा त्यांचा आधारस्तंभ होता, एवढं मात्र पक्कं. ख्रिस्ती न होता या विचाराचा इतका कस काढणारा माणूस दुसरा सापडणं कठीण.

चला, परत. सभागृह भरलंय.

पंखा आणि लाकडी बाकं मी तुमच्या सोयीसाठी ठेवली आहेत. मुद्दे मात्र निर्मल यांचेच, या भाषणातले आणि त्यांच्या पुढच्या लिखाणातले. आजच्या भाषणाचा रोख शूद्रांच्या ईश्वरविज्ञानाकडे आहे. 'दलित' हा शब्द या विचाराला थोड्या वर्षांनी चिकटेल.

सुरुवात ते घरच्या भांडणाने करतात. भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून आपण जे शिकवतो, ते कुणाचं? ब्रह्मबांधव उपाध्यायांनी त्रैक्य सच्चिदानंदात बसवलं. कुणी वेदान्ताला जवळ केलं, कुणी भक्तीला. हे ऐकताना तुमच्या डोळ्यांपुढे मराठी माणसं येतील. जौनपूरला बाप्तिस्मा घेतलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे, मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई, तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक. तिघेही मोठे, तिघांनीही किंमत मोजली, आणि तिघेही चित्पावन. मात्र अहमदनगरच्या, जालन्याच्या खेड्यांतून ज्यांनी देवळाचं दार बंद म्हणून चर्चचं दार ठोठावलं, ते मांग आणि महार होते. मंडळीत माणसं यांची, पण देवाबद्दल बोलण्याची भाषा ब्राह्मणाची. निर्मल यांना हे बोचतं. बाकांवर एक वर्ण आणि पुस्तकांत दुसरा, अशी आपली थिऑलॉजी आहे, हा त्यांचा आरोप.

तुमच्या पुढच्या बाकावरच्या विद्यार्थ्याची मान किंचित खाली गेली आहे. लाजेने की रागाने, कळायला मार्ग नाही.

आता निर्मल यांच्या विचारातला सगळ्यात अवघड भाग. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला हे सगळ्या मिशनऱ्यांनी सांगितलं. महारवाड्यातही सांगितलं, आणि त्याने माणसं ताठ उभी राहिली हेही खरं. पण त्या वाक्याला दोन टोकं आहेत. माणूस देवासारखा, असं म्हणताना देव कसा आहे हे तुम्ही आधीच ठरवून टाकलेलं असतं. तुमचा देव जर सिंहासनावर बसलेला, शुभ्र, निर्लेप, वेदान्ती असेल, तर त्याच्यासारखं दिसण्यासाठी झाडूवाल्याला आधी झाडूवाला असणं सोडावं लागेल. म्हणजे प्रतिरूप आहे, पण अंगाला घाण लागलेली असेल तोवर ते दिसणार नाही. निर्मल दुसरं टोक धरतात. येशूने दाखवलेला देव सेवक आहे. यशयाच्या पुस्तकात एक सेवक येतो, रूप नसलेला, लोकांनी तोंड फिरवलेला. निर्मल म्हणतात, देव तसा आहे. आणि या देशात पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांची सेवा कुणी केली? धोब्यांनी, भंग्यांनी, मोलकरणींनी. पुढच्या काळात लिहिलेल्या एका निबंधात ते थेट विचारतात की माझ्या घरची कामवाली, माझा झाडूवाला, माझा भंगी हा माझा देव आहे, असं म्हणायची आपली तयारी आहे का.

घाईने हो म्हणू नका. तुमच्या ओळखीची एक बाई घ्या. सकाळी साडेसहाला जिच्या हातात तुम्ही कचऱ्याची बादली देता, ती. बोटं बोटांना लागू नयेत म्हणून बादलीची कडी तुम्ही कशी धरता ते आठवा. तिच्यासाठी चहाचा वेगळा कप ठेवला असेल तर तोही आठवा. आता तिच्या रूपात तुम्हाला घडवलं गेलं आहे, असं मनात म्हणून बघा. मला तरी ते एका दमात म्हणता येत नाही. ती माझ्यासारखी आहे, एवढं म्हणणं सोपं आहे. त्यात मी जागचा हलत नाही, तीच वर चढून येते.

निर्मल पुराव्याला मत्तयाने दिलेली येशूची वंशावळ काढतात, जी वाचताना भले भले पाळक पानं उलटतात. येशूच्या पूर्वजांत तामार आहे, राहाब आहे. एकीने वेश्येचं सोंग घेतलं, दुसरी वेश्याच होती. शुद्ध कुळाच्या कल्पनेत न बसणारी ही नावं सुवार्तिकाने लपवली नाहीत. मग येशू मंदिर साफ करतो ती घटना. बाहेरच्या, अन्यजातीयांच्या अंगणात बाजार मांडला होता. त्याने तो उधळला आणि त्यांची उपासनेची जागा मोकळी केली. ही गोष्ट मंदिरप्रवेशाच्या लढ्याशेजारी ठेवून निर्मल वाचतात. हे ऐकताना काळाराम आठवला नाही तर तो मराठी माणूस कसला? आणि शेवटी क्रूस. देवानेही आपल्याला टाकलं, असं तिथून ओरडणारा तो माणूस. गावाबाहेर ठेवलेल्या माणसाला त्याची ओळख पटवून द्यावी लागत नाही. निर्मल यांचं म्हणणं, कळणं आधी वेदनेतून येतं, कृती मागून. या सूत्रावर पुढे पुष्कळ वाद झाले, विशेषतः दलितांची थिऑलॉजी दलितांनीच करावी या त्यांच्या आग्रहावर.

माझाही एक वाद आहे आणि तो तुम्हाला मध्येच सांगतो, कारण तुम्हाला तिथे हात वर करता येणार नाही. सेवकाला देव म्हटल्याने सेवकाची सुटका होते का? गुलामीला सोन्याचा मुलामा देणं आपल्याला चांगलं जमतं. काम हीच पूजा, असं ज्यांना दुसऱ्याची घाण उचलावी लागत नाही तेच जास्त म्हणतात. बाबासाहेब आंबेडकर तिथे असते तर त्यांनी हेच विचारलं असतं. अस्पृश्यांतून झालेल्या ख्रिस्ती लोकांबद्दल लिहिताना त्यांची तक्रार अशी होती की धर्म बदलला तरी सामाजिक अन्यायाविरुद्ध हे लोक उभे राहत नाहीत. आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात त्यांनी जो मार्ग घेतला त्यात निर्माता देवच नाही, त्यामुळे प्रतिरूपाचा प्रश्नही नाही. समतेसाठी आकाशातल्या कुणाची सही लागत नाही, हे त्या दिवशी लाखो माणसांनी दाखवून दिलं. निर्मल यांना हे माहीत नव्हतं असं नाही. ते त्याच मातीतले. माझ्या मते ते दुसऱ्याच माणसांशी बोलत होते. देव सोडायला तयार नसलेल्या, दर रविवारी गुडघे टेकणाऱ्या मंडळीला ते सांगत होते की गुडघे टेकलेच आहेत, तर कुणापुढे टेकलेत ते नीट बघा. हा आरसा फुल्यांनी समाजापुढे धरला होता, यांनी तो चर्चच्या आत नेला. आणि चर्चला गरज होतीच. तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवायला मधोमध भिंत आहे. मेलेल्या माणसांतही जात!

भाषण संपलं. बाहेर पडा. संध्याकाळ व्हायला आली आहे आणि बंगलोरची हवा एप्रिलमध्येही माणसाला माफ करते.

निर्मल हे बंगलोरात बोलले, यात योगायोग थोडाच. आठच वर्षांपूर्वी, १९७३ साली, म्हैसुरात बसवलिंगप्पा नावाच्या दलित मंत्र्याने कन्नड साहित्यातलं बरंचसं लिखाण म्हणजे बूसा, म्हणजे गुरांचं भुसकट, असं म्हटलं आणि कर्नाटक पेटलं. त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. याच बसवलिंगप्पांनी डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करायचा हुकूम काढला होता. त्या धगीतून दलित संघर्ष समिती उभी राहिली. याच शहरात वाढलेल्या सिद्धलिंगय्यांचा 'होलेमादिगर हाडु' हा कवितासंग्रह १९७५ साली आला आणि मोर्चांत गायला गेला. तिकडे मुंबईत १९७२ पासून दलित पँथर. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही बाजूंनी तापलेल्या जमिनीवर हे कॉलेज उभं होतं. मिलर्स रोडच्या कुंपणाआड किती दिवस गारवा राहणार?

आता काळ थोडा पुढे सरकवू. १९८३. शहराच्या उत्तरेला सिल्वेपुरा गाव. इथे ज्योती साही नावाचे चित्रकार आर्ट आश्रम काढतायत. जन्म १९४४, पुण्याचा. वडील पंजाबी, आई इंग्रज. त्यांच्याआधी पुण्यात आंजेलो द फोन्सेका होते, मूळ गोव्याचे. त्यांनी मारियेला साडी नेसवली, सावळी केली, आणि गोव्यातले कॅथलिक इतके भडकले की फोन्सेका पुण्यातल्या आश्रमात येऊन राहिले ते कायमचे. साही पुढच्या पायरीवर आहेत. त्यांच्या 'दलित मॅडोना' या चित्रासाठी तुम्हाला आणखी सतरा-अठरा वर्षं थांबावं लागेल. ते आज ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चच्या संग्रहात आहे. त्यात आई आणि मूल रगड्याच्या रूपात येतात. इडलीचं पीठ वाटायचा तो दगडी रगडा, बंगलोरच्या प्रत्येक जुन्या स्वयंपाकघरातला. खालचा मोठा दगड आई, त्याच्या खळग्यात बसणारा गोल दगड मूल. देवाचं रूप शोधायला साहींनी सिंहासनाकडे पाहिलं नाही, मोलकरणीच्या हाताखालच्या वस्तूकडे पाहिलं. निर्मल यांचा प्रश्न ज्यांना वाचून कळत नाही त्यांनी हे चित्र बघावं. मला मात्र त्यातही थोडी चुकचुक वाटते: रगडा सुंदर दिसतो तो चित्रात. पाटा-वरवंटा आणि रगडा चालवून ज्यांची मनगटं गेली त्या बायकांनी मिक्सर घेतला तेव्हा सुटकेचा निःश्वासच टाकला.

निर्मल यांचं पुढे काय झालं? ते मद्रासला गुरुकुल लुथरन कॉलेजात गेले, तिथे दलित थिऑलॉजीचा विभाग सांभाळला, १९९०च्या सुमारास या विषयावरचं वाचनपुस्तक संपादित केलं आणि १९९५ साली वारले. दलित ईश्वरविज्ञान आज जगभरच्या सेमिनरींत शिकवलं जातं. महाराष्ट्रातल्या सुशिक्षित वाचकाला मात्र त्यांचं नाव बहुधा माहीत नसतं. ख्रिस्ती म्हणजे टिळक आणि रमाबाई, दलित म्हणजे बौद्ध, अशा आपल्या खणांत हा माणूस बसत नाही.

शेवटचा मुक्काम कुठल्याही तहसील कचेरीत. सोबत त्या सभागृहातला मान खाली घातलेला विद्यार्थी आहे असं समजा. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदूखेरीज दुसऱ्या धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीत धरायचं नाही. १९५६मध्ये शिखांना आत घेतलं, १९९०मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर. कारण असं दिलं जातं की त्यांच्या धर्मात जात मानत नाहीत, सगळे देवापुढे सारखे. बाबिलोनच्या बंदिवानांनी राजांविरुद्ध लिहिलेलं ते वाक्य इथे खिडकीपलीकडच्या कारकुनाच्या कामी येतं. तुझा देव तुला सगळ्यांसारखा मानतो ना, मग दाखला कसला मागतोस? गावात विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत, दफनभूमीच्या भिंतीपाशी त्या मुलाची जात सगळ्यांना पाठ असते. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली हे धर्माचं बंधन काढावं अशी शिफारस केली. याच मागणीसाठी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेली याचिका वीस वर्षांनंतरही निकालाविना होती, आणि २०२२ साली केंद्र सरकारने याच प्रश्नाचा अभ्यास करायला माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला.